काम न दिलेला डोळा

पाचरीच्या डाव्या डोळ्याला जवळजवळ काहीच दिसत नाही हे कळलं, तेव्हा तिचा बाप त्याच सभागृहात, दहा पावलांवर, बाकाचा पाय ठोकत बसला होता.

शाळेनं त्याला मोडके बाक दुरुस्त करायला बोलावलं होतं आणि नेमक्या त्याच दिवशी डोळे तपासणाऱ्या बाई आल्या होत्या. सभागृहाच्या एका टोकाला मिस्त्री, त्याची हत्यारांची पेटी आणि उलटे पाडलेले अकरा बाक. दुसऱ्या टोकाला भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि मुलांची रांग. तक्त्यावर आठ ओळी. सगळ्यात वर तळहाताएवढं एकच अक्षर, सगळ्यात खाली मुंग्यांएवढी अक्षरं.

मिस्त्रीला सगळे मिस्त्रीच म्हणत. त्याच्या मुलीला घरात पाचर म्हणत, कारण जन्मल्यापासून ती आई आणि बापाच्या मध्ये घुसून झोपायची आणि दोघांपैकी कोणालाही हलू द्यायची नाही. आई जाऊन दहा महिने झाले होते. नाव तेवढं राहिलं होतं.

पाचरीनं उजव्या डोळ्यानं धडाधड सात ओळी वाचल्या. मग बाईंनी तिचा उजवा डोळा झाकला आणि ती गप्प झाली. थोड्या वेळानं तिनं मान उजवीकडे वळवली. बाईंनी मान सरळ केली. तिनं परत वळवली.

हे बघून मिस्त्री हसला. हातोडी खाली ठेवून तो अभिमानानंच पुढं गेला आणि बाईंना म्हणाला, की पोरीला नेम धरायची सवय आहे, आमच्या धंद्यातलीच सवय. त्यानं जवळची एक फळी उचलली, तिचं टोक उजव्या डोळ्याशी नेलं, डावा डोळा मिटला आणि फळीच्या कडेवरून लांबवर बघून दाखवलं. फळीला बाक आहे का, पीळ आहे का, हे असंच कळतं. पोरगी तीन वर्षांची असल्यापासून हे करते, कोणी न शिकवता.

बाई हसल्या नाहीत. "मिस्त्री, तिनं डावा डोळा मिटलेला नाही. उघडाच आहे." मग त्या पाचरीकडे वळल्या. "वरचं मोठं अक्षर सांग बरं."

पाचरीनं बराच वेळ तक्त्याकडे बघितलं आणि विचारलं, "तिथं अक्षर आहे?"

मिस्त्रीच्या हातातली फळी तशीच राहिली.

चार वर्षं तो ह्या नेमाची गोष्ट सांगत होता. कारखान्यात कोणी गिऱ्हाईक आलं की पोरीला बोलवायचं, हातात एखादी पट्टी द्यायची आणि म्हणायचं, बघ, सरळ की वाकडी. ती डोळ्याला लावायची आणि बरोबर सांगायची. घरांची कामं घेणारा ठेकेदार तर दर खेपेला तिच्यासाठी चॉकलेट आणायचा आणि म्हणायचा, मिस्त्री, तुमची गादी ही चालवणार. दुसऱ्या कुठल्याही घरात एखादं मूल एका डोळ्यानं बघतंय म्हटल्यावर आई-बाप घाबरले असते. सुताराच्या घरात त्याचं कौतुक झालं.

सगळ्यांनी मात्र केलं नव्हतं. मिस्त्रीला ते त्या सभागृहात उभ्या उभ्या आठवलं, आणि त्यानं ते कोणाला सांगितलं नाही. तो परत जाऊन बाकाशी बसला. उरलेले सहा बाक त्यानं संध्याकाळपर्यंत केले आणि त्यातल्या दोन बाकांचे पाय दुसऱ्या दिवशी परत येऊन बदलावे लागले.

मग दवाखाना. डोळ्यांच्या बाई तिथंच दुसऱ्या मजल्यावर बसायच्या आणि त्यांच्या वरचे मोठे डॉक्टर शेजारच्या खोलीत. पाचरीच्या डोळ्यांत थेंब घालून, उजेड मारून, यंत्राला हनुवटी टेकवून दोन तास तपासणी झाली. निघालं असं, की डाव्या डोळ्याचा नंबर जन्मापासून फार मोठा होता आणि उजव्याचा जवळपास नव्हताच. डाव्याकडून येणारं चित्र सदा धूसर. मेंदूनं त्याच्याकडे लक्ष देणंच सोडून दिलं होतं आणि सगळं काम उजव्याकडून करून घेत होता. डोळा आतून धड होता, पडदा धड होता. बाईंनी हे सगळं एका कागदावर चित्र काढून समजावलं आणि म्हणाल्या, ह्याला आळशी डोळा म्हणतात.

"माझा डोळा आळशी नाही," पाचर म्हणाली.

बाईंनी तिला समजावलं, की हे फक्त आजाराचं नाव आहे. पण आळशी हा शब्द त्या घरात शिवीच्या बरोबरीचा होता. मिस्त्रीनं आयुष्यात फक्त एका माणसाला कामावरून काढलं होतं आणि तेव्हा त्याला हाच एक शब्द वापरला होता. त्यामुळे पोरगी लालबुंद झाली आणि बापही तिच्या बाजूनं उभा राहिला.

"ज्याला कधी काम दिलंच नाही, त्याला आळशी म्हणायचं नाही, बाई," तो म्हणाला. "आधी काम द्या. मग नाही केलं तर म्हणा."

बाईंनी चित्र काढलेला कागद उलटा केला आणि मागं लिहिलं: उजवा डोळा रोज सहा तास पट्टी लावून बंद. म्हणजे डाव्याला काम करावंच लागेल. चष्मा दिवसभर. "हे घ्या," त्या म्हणाल्या, "नेमणुकीचं पत्र."

मोठे डॉक्टर मात्र मोजकंच बोलले. मुलगी सात पूर्ण करत आली आहे, हे चौथ्या-पाचव्या वर्षी सापडलं असतं तर सोपं गेलं असतं, आता किती फरक पडेल सांगता येत नाही. चौथ्या-पाचव्या वर्षी, हे शब्द मिस्त्रीच्या कानात घरी येईपर्यंत वाजत राहिले.

पहिले दोन महिने नुसता चष्मा. डाव्या बाजूची काच जाडजूड, उजवीकडची पातळ. तेवढ्यानंही पाचर डाव्या डोळ्यानं तक्त्याची पहिली ओळ वाचायला लागली आणि पुढच्या खेपेला दुसरी. मग पट्टी आली. कातडीच्या रंगाची, चिकटणारी, डोळ्याभोवती नीट दाबून बसवायची आणि तिच्यावरून चष्मा घालायचा.

वर्गाच्या बाईंनी पट्टी लावून शाळेत पाठवू नका असं सांगितलं. त्यांचंही चूक नव्हतं. वर्गात चाळीस मुलं, हिला फळ्यावरचं दिसणार नाही, हिला वाचून कोण दाखवणार. ठरलं असं, की शाळा एक वाजता सुटते, एक ते सात पट्टी. घर आणि कारखाना एकच, पुढं कारखाना आणि मागं राहायच्या दोन खोल्या. पोरगी बापाच्या डोळ्यांसमोर राहील.

घरात तिसरं माणूस होतं ते म्हणजे मिस्त्रीची थोरली बहीण, पाचरीची आत्या. भावजय गेल्यावर ती स्वतःचं शिलाई मशीन आणि दोन बोचकी घेऊन आली होती आणि मागच्या खोलीत पडदे, गाद्यांच्या खोळी शिवायची. तिला ही पट्टी पहिल्या दिवसापासून आवडली नाही. तिचं म्हणणं, जो डोळा चालतो तोच झाकायचा हे कुठलं औषध. पाय मोडला म्हणून कोणी दुसरा पाय बांधून ठेवतं का. ती हे दिवसातून चारदा म्हणायची. पण दुपारी एक वाजता पट्टी लावायचं काम तिच्याकडेच होतं, कारण त्या वेळी मिस्त्रीचे हात सरसात बरबटलेले असायचे. आणि ते ती न चुकता करत होती.

पहिला आठवडा वाईट गेला. पाचर चौकटीला धडकली. तिनं पाणी ग्लासाच्या बाहेर ओतलं. रडली, लोळली, पट्टी ओढून काढताना भुवईचे चार केसही निघाले. डोळ्यांच्या बाईंनी सांगितलं होतं, बारीक नजरेचं काम द्या. म्हणून मिस्त्रीनं तिच्यापुढं डबाभर मिसळलेले स्क्रू ओतले आणि लांबीप्रमाणे वेगळे करायला सांगितले. ती बोटांनी चाचपडत बसायची आणि निम्मे चुकवायची.

दुसऱ्या आठवड्यापासून ती शांत झाली. चुकायचीही नाही. मिस्त्रीला वाटलं, लागली सवय. दारांच्या मोठ्या कामात तो गुंतला होता, तेवढ्यावर तो खूश राहिला.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. दुसरी ओळ. फक्त दुसरी. जिथं होती तिथंच.

बाईंनी दोनदा तपासलं. मग मोठे डॉक्टर आले, त्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, की वय आड येतंय. पट्टीनं मुलीला उगाच त्रास होतोय. बंद केली तरी चालेल. चष्मा राहू द्या, चांगल्या डोळ्याला जपा. एका डोळ्यावर माणसं आयुष्य काढतात.

मिस्त्री उठला नाही. मागचा पेशंट दारातून डोकावून गेला तरी उठला नाही.

"काढतात," तो म्हणाला. "बायको गेली तेव्हा मलाही सगळ्यांनी हेच सांगितलं, की एकट्यानं माणसं आयुष्य काढतात. मीही काढतोय. पण दुसरं समोर जिवंत असताना कोणी हौसेनं एकटं राहत नाही, डॉक्टर. तिचा डोळा जिवंत आहे असं तुम्हीच लिहून दिलंय."

डॉक्टर म्हणाले, निर्णय तुमचा. मिस्त्री म्हणाला, मग पट्ट्या लिहून द्या. आणखी तीन महिन्यांच्या. बाईंनी डॉक्टरांकडे न बघताच लिहून दिल्या.

डॉक्टर काय म्हणाले ते घरी कळल्यावर आत्या म्हणाली, सुटली बिचारी. मिस्त्रीनं पट्ट्यांची नवी पाकिटं तिच्यासमोर ठेवली.

बंद न होणाऱ्या दरवाजाला तो कधीही लगेच रंधा लावायचा नाही. नवशिके तसं करतात, दिसली कड की तासली, आणि मग दरवाजा बसतो पण फट राहते. तो आधी स्टूल घेऊन समोर बसायचा, दरवाजा दहादा उघडायचा, लावायचा आणि नेमकं कुठं घासतंय ते बघायचा. दुसऱ्या दिवशी त्यानं पोरीच्या बाबतीत तेच केलं. एक वाजता काम थांबवलं, हात धुतले, स्टूल ओढलं आणि ती स्क्रू निवडत होती तिच्यासमोर बसला.

"काय बघताय?" पाचर म्हणाली.

"काही नाही. तू कर."

ती भराभर निवडत होती. पाऊण इंची इकडे, एक इंची तिकडे. पाव इंचाचा फरक दुसऱ्या ओळीवर अडकलेल्या डोळ्याला एवढ्या भराभर कळायचा नाही. आणि तिची मान उजवीकडे वळलेली होती, त्या दिवशी सभागृहात वळली होती तशीच.

त्यानं तिचा चष्मा उतरवला. नाकाच्या बाजूला, चष्म्याच्या चौकटीखाली झाकलं जाईल एवढ्या जागेत, पट्टीची कड अर्धचंद्रासारखी कापलेली होती. आत उजवा डोळा चमकत होता. त्यानं कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. एका फटक्यात, न थांबता, न चुकता कापलेली. सात वर्षांच्या पोरीची कात्री नव्हती ती.

तो मागच्या खोलीत गेला. आत्या मशीनवर होती. तिनं शिवण शेवटपर्यंत नेली, दोरा तोडला आणि मगच मान वर केली.

"ताई, हे तू कापतेस?"

"हो," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिला आठवडा संपल्यापासून. रोज." तिनं कात्री मशीनवर ठेवली. "आई नाही तिला. एक डोळा धड होता, तोही तू झाकून टाकलास. रोज सहा तास ती भिंती चाचपत फिरायची. तू तिकडं लाकडात तोंड घालून बसलास, तुला काय दिसतंय? मला नाही बघवलं. तुला बघवत असेल तर तू बघ."

मिस्त्री मनात हिशेब करत होता. तीन महिने. सहा-सहा तासांचे तीन महिने, आणि डाव्या डोळ्याला त्यातला पहिला आठवडा सोडून एक दिवसही काम मिळालं नव्हतं. डॉक्टर वयाला दोष देत होते.

पाचर दारात येऊन उभी होती. अर्धी सुटलेली पट्टी गालावर लोंबत होती.

"आत्याला बोलू नका," ती म्हणाली. "आई असती तर तिनं लावलीच नसती पट्टी."

ह्यावर गप्प बसणं सोपं होतं. सभागृहातल्या त्या दिवसापासून पाच महिने तो ह्याच गोष्टीवर गप्प बसला होता. बहिणीपुढं, डॉक्टरांपुढं, रिकाम्या घरात स्वतःपुढंसुद्धा. तो मशीनशेजारच्या कापडाच्या गठ्ठ्यावर बसला.

"आईनंच आधी ओळखलं होतं," तो म्हणाला.

पाचर दार सोडून आत आली.

"तू पाच वर्षांची होतीस. वेणी घालताना तुझे केस पुढं यायचे. उजव्या डोळ्यावर आले की तू ओरडायचीस, झटकायचीस. डाव्यावर आले तर तुला पत्ताच नसायचा, तशीच खेळत राहायचीस. तिनं ते चार-पाचदा करून बघितलं. मुद्दाम. मग मला म्हणाली, हिच्या डाव्या डोळ्याचं काहीतरी बघायला हवं."

"मग तुम्ही काय केलं?"

"हसलो."

आत्याचा हात कात्रीवर होता, तिथंच राहिला.

"म्हणालो, नेम धरते ती, माझ्यासारखी. मग ठेकेदार आला, त्याला सांगितलं. तोही हसला. तिनं परत दोनदा विषय काढला, मी परत तेच म्हणालो. मग तिचं स्वतःचं दुखणं निघालं आणि तुझा डोळा मागं पडला." त्यानं पोरीच्या गालावरची पट्टी काढली आणि चुरगळली. "आई असती तर तुला पट्टी पाचव्या वर्षीच लागली असती. आतापर्यंत सुटलीही असती. मी लावू दिली नाही."

पाचर दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. त्याला ते रास्तच वाटलं. आत्याही बोलत नव्हती, पण ती दुसऱ्याच कारणानं: जे भावजयीला हवं होतं, तेच ती रोज कात्रीनं मोडत आली होती. भावजयीची कंगव्याची पेटी तिनं फडताळातून काढून दोन दिवस मशीनवर ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाचर कारखान्यात आली ती पट्टी लावूनच. आरशासमोर उभी राहून स्वतः लावलेली, थोडी वाकडी, पण सगळीकडून बंद. मागोमाग आत्या आली. तिनं न बोलता पोरीची हनुवटी धरली आणि गादीच्या कडेला टाके घालताना दाबावं तशी पट्टीची कड अंगठ्यानं चारी बाजूंनी दाबून काढली. मग परत गेली.

"काम द्या," पाचर म्हणाली. "स्क्रू नको. खरं काम."

त्यानं विचार केला. हत्यारं देणं शक्य नव्हतं. त्यानं एक रंधलेली पांढरी फळी घेतली, जाड काळ्या खडूनं तिच्यावर रेघ ओढली आणि हातात काचकागदाचा तुकडा दिला. रेघ जाईपर्यंत घासायचं, रेघेच्या बाहेर जायचं नाही. तिनं नाक फळीला लावलं. तासाभरानं म्हणाली, झालं. निम्मी रेघ तिथंच होती. त्यानं ते बोटानं दाखवलं नाही, नुसतं म्हणाला, अजून आहे. ती परत वाकली.

जाड खडूनंतर सुताराची चपटी पेन्सिल. मग तिचीच बारीक कड. रेघ रोज बापच ओढायचा आणि दर आठवड्याला, तिला न सांगता, केसभर बारीक करायचा. तिच्या लक्षात येत नव्हतं असं नाही. एकदा ती म्हणाली, तुम्हाला पेन्सिलीला टोक काढायला कोणी सांगितलं होतं? पण घासली.

एकदा ठेकेदार आला. पाचरीची पट्टी बघून त्याला हसूच आलं, म्हणाला, हे काय, बंदुकीची नळीच बुजवून टाकली. त्यानं खिशातून चॉकलेट काढलं, भिंतीला टेकवलेली लाकडाची एक पट्टी तिच्या हातात दिली आणि नेहमीचा प्रश्न विचारला. पाचरीनं तिचं टोक डाव्या डोळ्याशी नेलं. बराच वेळ बघितलं.

"सरळ."

पट्टी मध्येच चांगली बोटभर वाकलेली होती. ठेकेदारानं मिस्त्रीला डोळा मारला आणि म्हणाला, गेला नेम. मिस्त्रीला वाटलं ती रडेल.

"पुढच्या महिन्यात या," पाचर म्हणाली. "चॉकलेट घेऊन या."

तो आला तेव्हा तिनं त्याच पट्टीला बाक आहे हे सांगितलं आणि कोणत्या बाजूला तेही सांगितलं. ठेकेदार म्हणाला, तीच पट्टी आहे, तुला आठवत असेल. मिस्त्रीनं गठ्ठ्यातून दुसरी काढून दिली. तिला बाक नव्हता, पीळ होता, आणि तो ओळखायला कारागिरालाही वेळ लागतो. पाचरीनं टोक डोळ्याशी नेलं, थोडं फिरवलं, परत बघितलं.

"ही पिळलीये. थोडीच."

तिनं चॉकलेटं दोन मागितली.

शाळेतही पट्टी जायला लागली, ती मिस्त्रीमुळे नव्हे. पाचरीनं स्वतःच ठरवलं, की शेवटचे दोन तास वर्गात लावायची. वर्गाच्या बाईंनी बापाला बोलावून घेतलं. त्याला वाटलं, आता भांडण. त्यानं तयारीही केली होती, की चाळीस मुलांत एकीला वाचून दाखवायला जमत नसेल तर सांगा, मी येऊन बसतो, बाक माझेच आहेत. पण बाईंना वेगळंच सांगायचं होतं. मधल्या सुट्टीत मुलं तिला एकडोळी म्हणून चिडवत होती, त्या मध्ये पडायला गेल्या, तोवर पाचरीनं सगळ्यांना ऐकवलं होतं, की डोळे दोन आहेत, एक कामावर आहे आणि एक सुट्टीवर. तेव्हापासून वर्गातल्या दोघी-तिघी तिच्यासाठी फळा वाचून दाखवायला भांडतात. फक्त तिला सांगा, बाई म्हणाल्या, की गणिताच्या तासाला सुट्टीवरच्या डोळ्याचं कारण सांगायचं नाही. दिसतं तिला, मला माहीत आहे.

पुढच्या तपासणीला आत्याही आली. दवाखान्यात ती पहिल्यांदाच येत होती आणि येताना तिनं चांगली साडी नेसली होती. खोलीत तिघांना बसायला जागा नव्हती म्हणून ती भिंतीला टेकून उभी राहिली.

बाईंनी उजवा डोळा झाकला. पाचरीची मान सरळ होती. ती सरळच राहिली.

पहिली ओळ. दुसरी. तिसरी तिनं न थांबता वाचली. चौथीत एका अक्षरावर अडली, मागं गेली, परत वाचली. पाचवीशी ती बराच वेळ थांबली. आत्याचे ओठ हलत होते, जणू तीच वाचत होती. पाचरीनं पाचवीतलं पहिलं अक्षर सांगितलं, दुसरं सांगितलं, तिसरं चुकली, चौथं आणि पाचवं सांगितलं.

"सहावी?" बाई म्हणाल्या.

"डाग दिसतायत नुसते."

बाईंनी पाचवी लिहिली. कागद घेऊन त्या शेजारच्या खोलीत गेल्या आणि मोठे डॉक्टर स्वतः आले. त्यांनी स्वतः तपासलं. तेवढंच निघालं. चांगलं आहे, ते म्हणाले, मला वाटलं नव्हतं. मग सवयीनं पुढं म्हणाले, की इथून पुढं वेग मंदावतो, कदाचित इथंच थांबेल, आणि आता थांबवलं तरी तिचं फारसं अडणार नाही.

मिस्त्रीनं पोरीकडे बघितलं.

"सहावीत किती अक्षरं असतात?" पाचरीनं विचारलं.

बाई म्हणाल्या, सहा.

"मग सहा आठवडे," पाचर म्हणाली, आणि स्वतःच पट्टी लावून, चष्मा चढवून उठली.

डॉक्टरांनी मिस्त्रीकडे बघितलं. त्यानं खांदे उडवले. "मला विचारू नका," तो म्हणाला. "कामावर ती आहे. मी नुसता पेन्सिलीला टोक काढतो."

बाहेर आल्यावर आत्यानं भावाला विचारलं, हिच्या आईचं आधी कोणी ऐकलं असतं तर आठही वाचल्या असत्या का. पाचर दोन पावलं पुढं जिना उतरत होती. भिंतीला हात न लावता. तो म्हणाला, वाचल्या असत्या. आत्यानं मान हलवली आणि पदराआडून पट्ट्यांची नवी पाकिटं काढून मोजली.

घरी आल्यावर त्यानं दुसऱ्या दिवसाची फळी रंधून ठेवली आणि तिच्यावर आजवरची सगळ्यात बारीक रेघ ओढली. ती त्याला स्वतःला चष्म्याशिवाय दिसली नाही.

खालच्या तीन ओळी अजून राहिल्या आहेत.